रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर

जिल्ह्याचे दोन भाग झाल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास, आमच्या अंगणात वाळत असलेली ताणी एका सांडाने चाटली.

ताणी म्हणजे लुगड्याचे उभे सूत. मागावर चढवण्याआधी ते अंगणात लांब ताणतात, त्याला तांदळाच्या कणकीची पातळ खळ कुंच्याने लावतात आणि ताणलेल्या स्थितीतच वाळवतात. या कामाला आमच्याकडे पांजण म्हणतात. एका बाजूने बाबा आणि दुसऱ्या बाजूने आई, असे दोघे कुंचे घेऊन ताणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. पांजण झाली नाही तर सूत मागावर टिकत नाही, आणि सूत टिकले नाही तर विणकराला मागावर बसून काही उपयोग नसतो. ओल्या खळीला पेजेचा वास येतो. माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. सांडाला वाटते.

त्या सकाळी सांडाने काट्यांच्या कुंपणातून मान आत घातली आणि साधारण तीन हात लांबीचे सूत चाटले. चाटलेले सूत एकमेकांना चिकटले आणि सोडवताना तुटले. ताणी चार लुगड्यांची होती. दुपारपर्यंत खटपट करून बाबांनी ती सगळी टाकून दिली.

सांड महादेवाला सोडलेला होता. त्याला मालक नसल्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध करायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी निकाली निघाला. त्याला मारायचे नाही, यावर गल्लीचे एकमत होते. मात्र त्याला रोज सकाळी एक पोळी घालणारे गृहस्थ होते. ते आमच्या घरासमोर राहत, शाळेतून निवृत्त झालेले होते आणि सारा वॉर्ड त्यांना गुरुजी म्हणे. पोळीच्या आशेने सांड साडेसातपासून गुरुजींचे दार आणि आमचे कुंपण यांच्या बरोबर मध्ये, रस्त्यावर बसून असे.

बाबा रस्ता ओलांडून गेले.

"गुरुजी, तुमचा सांड तुमच्याइथं नाश्ता करते अन माह्याइथं जेवते."

"माहा कायचा, भाऊ? तो देवाचा हाय."

"मंग देवाले म्हना, पोटभर घाल त्याले."

"एका पोळीनं त्याचं काय होते? तुम्ही तं घमेलंभर पेज अंगनात टांगून ठेवता."

बाबांनी कुंपण काढून विटांची भिंत बांधायचे ठरवले. भिंत किती उंच चालते, हे त्यांनी आधी नगरपरिषदेत विचारले, ही गोष्ट पुढच्या प्रकरणात कोणीच लक्षात घेतली नाही. तिथे त्यांना सांगण्यात आले की दीड मीटर, म्हणजे पाच फुटांना एक इंच कमी. एका इंचावरून कोणी काही म्हणणार नाही असे धरून बाबांनी मिस्त्रीला सरळ पाच फूट सांगितले. मिस्त्रीने एकदा विचारलेही होते.

"भाऊ, बाहेरून मोजू का अंदरून?"

"बाहेर कोन पांजण करून राह्यलं?" बाबा म्हणाले.

भिंत आतून मोजली गेली. चूक इथे झाली. ताणी सपाट राहावी म्हणून आमच्या घरी दर दिवाळीला अंगणात मुरूम आणि मातीचा एक थर घालून धुमसाने ठोकत. हे आजोबांच्या वेळेपासून चालत आले होते. त्यामुळे अंगण रस्त्यापेक्षा दीड फूटभर वर आले होते, आणि आतून पाच फूट असलेली भिंत बाहेरून साडेसहा फुटांच्या जवळपास भरत होती. सांडाच्या दृष्टीने ही उंची योग्य होती. पहिल्या आठवड्यात तो दोनदा भिंतीपाशी आला, हनुवटी वर करून उभा राहिला आणि परत रस्त्यात जाऊन बसला.

अडचण गुरुजींना झाली. दर मंगळवारी ते लाखांदूरच्या बसने दिघोरीला मुलीकडे जात आणि नातीला गणित शिकवून संध्याकाळी परत येत. आमचे घर वळणावर आहे. गुरुजी आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले की आमच्या कुंपणावरून, अंगणाच्या पलीकडे, त्यांना बस लांबूनच दिसे. बस दिसली की ते चप्पल घालत आणि बसच्या बरोबरीने थांब्यावर पोचत. त्यांचा हा हिशेब बारा वर्षे चुकला नव्हता. भिंत झाल्यावर बस दिसेनाशी झाली आणि लागोपाठ दोन मंगळवार त्यांची बस चुकली.

एका शनिवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले.

"भाऊ, मी तुमच्याविरुद्ध तक्रार करून राह्यलो."

"कधी?"

"सोमवारी. उद्या रविवार हाय."

"बसा मंग. चहा घ्या."

गुरुजी बसले. चहा झाल्यावर बाबांनी विचारले, "तक्रार आली तं मले उत्तर द्या लागन न?"

"द्या लागन. नोटीस येते आधी."

"मंग ते बी तुम्हीच लिहून द्या."

यात बाबांना किंवा गुरुजींना काहीही वावगे वाटले नाही. वॉर्डातले सगळे अर्ज गुरुजीच लिहीत: रेशनकार्डाचे, नळाचे, शाळेच्या दाखल्याचे. मी त्या वेळी नागपूरच्या एका दैनिकाला गावातून बातम्या पाठवत होतो, आणि नोटीस आल्यावर मी उत्तराचा एक मसुदा केला होता. बाबांनी तो उभ्याउभ्या वाचला.

"हे तं अपघाताच्या बातमीवानी हाय," ते म्हणाले. "भिंत जागीच ठार झाली का जखमी हाय, येवढंच लिवाचं राह्यलं."

मसुदा परत आला. उत्तर गुरुजींनी आमच्या ओट्यावर बसून लिहिले. मी तिथे होतो. त्यांनी काम प्रामाणिकपणे केले.

"माह्या तक्रारीत एक कमी हाय, भाऊ. बसचा टाइम लिवला नाई मी. तुम्ही त्याच्यावर बोट ठेवा."

"ठेवा मंग."

गुरुजींनी लिहिले: 'तक्रारदाराने बसची वेळ नमूद केलेली नाही, सबब तक्रार मोघम आहे.' बाबांनी सही केली. गुरुजी चहा पिऊन घरी गेले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी बसची वेळ नमूद करून पुरवणी तक्रार लिहिली.

"इथं चहा पेते अन तिथं जाऊन आपल्यावरच लिवते," आई म्हणाली.

"आपल्यावर नाई लिवत," बाबा म्हणाले. "भिंतीवर लिवते."

पंधरा दिवसांनी नगरपरिषदेचे अभियंता जागेवर मोजणीला आले. तरुण होते, आमच्या भागातले नव्हते. सोबत टेप धरायला एक शिपाई होता. नियमाप्रमाणे भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून धरायची असते. रस्त्याच्या मध्यावर सांड बसला होता.

"हा बैल कोणाचा?" अभियंत्यांनी विचारले.

"सांड हाय, साहेब," बाबा म्हणाले.

"बरं, सांड कोणाचा?"

"देवाचा," गुरुजी म्हणाले.

अभियंत्यांनी शिपायाकडे पाहिले. शिपायाने टेप खाली ठेवला, सांडाला नमस्कार केला आणि बाजूला उभा राहिला. सगळ्यांनी चाळीस मिनिटे वाट पाहिली. ही वेळ मी घड्याळात पाहिली आहे. या काळात एक ट्रॅक्टर आणि दोन सायकली सांडाला वळसा घालून गेल्या. शेवटी बाबांनी घरातून पिळाचे सूत आणून दिले. ते भिंतीच्या माथ्यापासून गुरुजींच्या दाराच्या खांबापर्यंत समतल ताणण्यात आले आणि रस्त्यापासून सुतापर्यंत टेप धरला गेला. उंची सहा फूट पाच इंच भरली. पंचनाम्यात नोंद झाली: 'मोजणीच्या वेळी रस्त्याच्या मध्यावर सांड बसलेला असल्याने माप त्याच्या शेपटीमागून घेतले.' पंच म्हणून दोघांच्या सह्या हव्या होत्या. जवळ उभे असलेले दोघे म्हणजे बाबा आणि गुरुजीच होते. त्यांनी सह्या केल्या.

अभियंत्यांनी बाबांना समजावून सांगितले. भिंत दीड फुटाने कमी करावी, किंवा दीड मीटरच्या वरचा भाग पाडून तिथे जाळी लावावी. जाळी असेल तर आठ फुटांपर्यंतही चालते.

"जाळीतून जीभ नाई येत का, साहेब?"

"जिभेबद्दल नियमात काही नाही."

"अन धूळ? ओल्या सुतावर धूळ बसली का झालं."

"धुळीबद्दलही नाही."

बाबांनी मग पुढचे सांगितले. भिंत बाहेरून दीड मीटर केली तर आतून साडेतीन फूट उरते. ताणी छातीइतक्या उंचीवर असते. सांडाला मान वाकवायचीही गरज नाही. पांजण करायला दुसरी जागा नाही, कारण पूर्वी विणकर रस्त्यावरच ताणी लावत, पण आता रस्त्यावर गाड्या असतात. "भिंत कमी केली का माग बंद," ते म्हणाले. "मी भांडून नाई राह्यलो, साहेब. फक्त सांगून राह्यलो."

अभियंत्यांनी थोडा वेळ अंगणात पाहिले. मग म्हणाले की तिसरा मार्ग आहे. विशेष अडचण दाखवून उंचीत सूट मागता येते. अर्ज त्यांच्याकडे द्यायचा, तो वर जाईल, आणि निर्णय येईपर्यंत भिंतीला कोणी हात लावणार नाही.

सूट मागण्याचा अर्ज गुरुजींनी लिहिला. विशेष अडचण या मथळ्याखाली त्यांनी पांजणीची पद्धत, खळीचे घटक, सांडाची उंची आणि अर्जदाराचे वय दिले. हा अर्ज तीन पानांचा होता. गुरुजींच्या तक्रारीपेक्षा तो चांगला उतरला होता, असे ते स्वतः म्हणाले. मी तो नगरपरिषदेत नेऊन दिला. अभियंत्यांनी फाइल उघडून तक्रार आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

"तक्रारदार आणि अर्जदार एकच आहेत का?"

"नाही," मी म्हणालो. "अक्षर एकाचं आहे."

त्यांनी दोन्ही कागद पुन्हा फाइलला लावले. अर्ज वर गेला.

तीन महिन्यांनी वॉर्डाच्या जुन्या नकाशाची प्रत मागणारे पत्र आले. नकाशा नगरपरिषदेत नव्हता. मी जिल्ह्याच्या कार्यालयात चौकशी केली. जिल्हा दोन झाला तेव्हा कपाटांचीही वाटणी झाली आणि आमच्या वॉर्डाचा नकाशा तिकडच्या कपाटात गेला असावा, असे तिथल्या एका लिपिकाने सांगितले. तिकडे विचारले असता तो इकडेच असावा असे समजले. दोन्हींपैकी एकालाही दुजोरा मिळाला नाही. अर्ज प्रलंबित राहिला. भिंतही राहिली.

या काळात गुरुजींच्या बसची सोय बाबांनी केली. दर मंगळवारी सव्वाआठला गुरुजी पिशवी घेऊन आमच्या अंगणात येत. बाबांनी त्यांच्यासाठी भिंतीजवळ एक स्टूल ठेवले होते. गुरुजी उंचीने बेताचे होते. स्टुलावर चढून, दोन्ही हात भिंतीवर ठेवून ते वळणाकडे पाहत उभे राहत, आणि त्यांच्यामागे आई-बाबांची पांजण चालू असे.

"गुरुजी, पाय मांगं नका घेऊ. ताणीले लागन."

"नाई लागत. मी इकडंच पाहून राह्यलो."

"इकडं पाहून राह्यले म्हनूनच लागन न."

बस दिसली की गुरुजी स्टुलावरून उतरत आणि अंगणातून बाहेर धावत. त्यांचे वय पाहता त्याला धावणे म्हणायचे की नाही याबद्दल घरात दोन मते होती. एकदा उतरताना त्यांचा पाय खळीच्या घमेल्यात पडला. त्या मंगळवारी ते एका पायाला खळ लावून दिघोरीला गेले. परत आले तेव्हा धोतराचा तो सोगा पत्र्यासारखा उभा होता.

"पांजण चांगली झाली," आई म्हणाली.

तक्रार त्यांनी मागे घेतली नाही. बाबांनीही तसे कधी सुचवले नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी आमच्या रस्त्याचे काम झाले. जुन्या रस्त्यावरच मुरूम आणि गिट्टी पडली आणि वर डांबर आले. रस्ता एक फूट वर आला. पुढच्या वर्षी तोच रस्ता सिमेंटचा झाला. जुने डांबर कोणी खणले नाही, त्याच्यावरच सहा इंच सिमेंट ओतले. सिमेंट वाळेपर्यंत सांड गुरुजींच्या ओट्यालगत बसे. वाळल्यावर तो पुन्हा मध्यावर गेला. ठेकेदाराने उरलेली गिट्टी आमच्या भिंतीला लागून टाकली आणि ती नंतर उचलू असे सांगितले.

त्यानंतर दोन महिन्यांनी आदेश आला. विशेष अडचण पुरेशी नसल्याने सूट नाकारण्यात येत आहे. भिंत पंधरा दिवसांत रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटरपर्यंत कमी करावी, अन्यथा नगरपरिषद ती कमी करेल.

आदेश गुरुजींनीच वाचून दाखवला. वाचून झाल्यावर घडी घालून बाबांना दिला.

"तीन पानं लिवली होती मी," ते म्हणाले.

बाबा मागावर जाऊन बसले, पण त्यांनी आडव्या सुताचा धोटा हातात घेतला नाही. "माग विकाले काढू," ते आईला म्हणाले. आई चुलीपाशी होती. तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. पंधरा दिवसांत बाबांनी दोन ताण्यांची पांजण करून घेतली, म्हणजे पुढे निदान तेवढे काम राहील. तिसरीला सूत नव्हते. भिंतीला त्यांनी हात लावला नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी दहाला तेच अभियंता आले. सोबत घण घेतलेले दोन मजूर होते. किती भाग पाडायचा याची खूण करण्यासाठी आधी मोजणी झाली. सांड त्या वेळी सावलीत गेलेला होता, त्यामुळे माप थेट मध्यापासून घेता आले. शिपायाने टेप वाचला. अभियंत्यांनी टेप त्याच्याकडून घेऊन स्वतः वाचला. मग तिसऱ्यांदा मोजायला लावले.

चार फूट अकरा इंच.

"भिंत कमी केली का?"

"नाई, साहेब," बाबा म्हणाले.

"मग?"

बाबांना माहीत नव्हते. त्यांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी आपल्या ओट्यावर उभे होते. तो ओटा पूर्वी रस्त्यापासून दोन पायऱ्या वर होता. आता अर्धी पायरी उरली होती.

"रस्ता वर आला, साहेब," गुरुजी म्हणाले.

अभियंत्यांनी रस्त्याकडे, मग भिंतीकडे पाहिले. अहवालात त्यांनी लिहिले: 'प्रत्यक्ष मोजणीअंती भिंत आदेशानुसार दीड मीटर आढळली. प्रकरण निकाली.' मजुरांनी घण भिंतीला टेकवून ठेवले आणि आईने सगळ्यांना चहा दिला.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी सूत आणले आणि पुढच्या मंगळवारी तिसरी पांजण लावली. मंगळवार असल्यामुळे गुरुजी स्टुलावर होते. सांड रस्त्यावरून उठला, भिंतीलगतच्या गिट्टीवर पुढचे दोन पाय ठेवून उभा राहिला, गुरुजींच्या शेजारून मान आत घातली आणि ताणी चाटली. गुरुजींनी त्याच्या तोंडावर पिशवी मारली. देवाच्या सांडाला मारल्याची गल्लीतली ही पहिली नोंद होती. त्याचा परिणाम झाला नाही.

गुरुजी त्या दिवशी बसला गेले नाहीत. ते स्टुलावरून उतरले आणि आई-बाबा सूत सोडवत होते तिथे उभे राहिले. एक चिकटलेला पुंजका त्यांनी हातात घेऊन सोडवून पाहिला. तो तुटला.

"जेवढं चाटलं तेवढंच जाते, असं वाटे मले," ते म्हणाले.

"पुरंच जाते," आई म्हणाली.

"मागच्या बारीलेही पुरंच गेलं होतं?"

"चार लुगडे," बाबा म्हणाले.

 गुरुजींनी बाबांकडे कागद मागितला आणि भिंत दीड फुटाने वाढवण्याची परवानगी मिळण्याबाबत अर्ज लिहिला. अर्ज अर्ध्या पानाचा होता. शेवटी त्यांनी समोरच्या घरमालकाची हरकत नसल्याचे लिहिले आणि खाली आपली सही केली. मी अर्ज नेऊन दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलेले नाही. गिट्टी बाबांनी आणि मी उचलली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला सांड रस्त्याच्या मध्यावर नव्हता. गुरुजींच्या ओट्यावरची खुर्चीही नव्हती. ती बस थांब्यावरच्या कडुनिंबाखाली होती. गुरुजी तिच्यावर बसले होते आणि त्यांच्या हातात पोळी होती. त्याच्या पुढच्या दिवशीही ते तिथेच होते. आठवडाभरात सांड सकाळी थेट थांब्यावर जाऊ लागला.   आई रोज आठला एका हाताने झाकलेला चहाचा पेला थांब्यावर नेऊन देऊ लागली.

त्यानंतरची पहिली पांजण पुन्हा मंगळवारी होती. बाबांनी सातला ताणी लावली. आई भिंतीकडच्या बाजूने होती आणि दर फेरीला एकदा रस्त्याकडे पाहत होती. ताणी सव्वानऊला पूर्ण वाळली आणि बाबांनी ती गुंडाळून आत नेली. बस आली तेव्हा सांड थांब्यावरच होता, असे गुरुजींनी संध्याकाळी दिघोरीहून परतल्यावर सांगितले. लाखांदूरच्या बसच्या कंडक्टरने याला दुजोरा दिला. सांड समोर बसल्यामुळे बस त्या दिवशी बारा मिनिटे थांबली होती.